दोनहात्या मास्तर

सोमवार, ४ सप्टेंबर

दवाखान्यानं व्यायामासाठी ज्यांच्याकडं धाडलंय त्या हातवाल्या बाईंचा हुकूम आहे की रोज डाव्या हातानं एक पान लिहायचं.

मी म्हटलं, "बाई, मी उजव्यानं तरी कुठं लिहीत होतो? सातवीत वही मिटली ती मिटलीच."

"उत्तम. म्हणजे जुन्या सवयी मोडायला नकोत."

"पण लिहू काय?"

"मनात येईल ते. मी वाचणार नाही. पान भरलंय एवढं लांबून दिसलं की झालं."

तर हे लांबून बघायचं पान. मुंगी शाईत पडून तशीच चालत घरी गेली असावी, अशी अक्षरं आली आहेत.

उजव्या हाताचं असं झालं की लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणारा मोठा गरम रोलर आहे. त्याच्या तोंडात चादर सारायची, ती पलीकडून कडक होऊन निघते. त्या दिवशी चादर गेली आणि तिच्या मागोमाग मी निघालो. मुकादमानं झडप घालून मशीन बंद केलं म्हणून खांदा तरी वाचला. डॉक्टरांनी बोटं शिवून जागच्या जागी बसवली आणि हात गळ्यातल्या झोळीत टाकला. आता बोटं आहेत, पण माझं ऐकत नाहीत. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "तू जन्मात कुणाचं ऐकलंस का? मग ती तुझं कशाला ऐकतील?"

हात दुखायला लागला. डावा.

बुधवार, ६ सप्टेंबर

हातवाल्या बाईंची खोली एका शाळेच्या टोकाला आहे. ज्यांचं अंग किंवा डोकं बाकीच्यांपेक्षा वेगळ्या चालीनं चालतं, अशा मुलांची ही शाळा. सकाळी बाई त्यांचे हातपाय बघतात, नंतर माझ्यासारखी बाहेरची गिऱ्हाइकं. आपली पाळी येईपर्यंत व्हरांड्यात बसायचं, आणि बसायला खुर्च्या मुलांच्या मापाच्या. बाईंनी हाक मारली तेव्हा मी उठलो आणि माझ्याबरोबर खुर्चीही उठली. एक पोरगा टाळ्या वाजवून ओरडला, "अजून एकदा!" त्याचा आवाज लग्नातल्या बँडसारखा आहे. त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो हळू बोलायला लागला की शाळेतले लोक डॉक्टरला बोलावतात म्हणे.

त्याआधी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली होती. असेल बाराएक वर्षांची. उजवा हात पाखरानं पंख मिटावा तसा छातीशी दुमडलेला, उजवा पाय थोडा ओढत चालते. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तू कशानं झालास?"

"म्हणजे?"

"मी जन्मापासून. तू?"

"रोलरनं."

"अच्छा." तिनं मनातल्या मनात नोंद केल्यासारखी मान हलवली. "लेस सुटलीय तुझी."

"माहितीय. एका हातानं बांधणार कशी?"

"मलापण नाही येत. बाई बांधतात." मग जरा थांबून, "मी मोठी झाल्यावरपण बाईच बांधणार का?"

मी म्हटलं, "बाई तोवर म्हाताऱ्या होतील, त्यांना वाकता यायचं नाही." मी गंमत म्हणून बोललो होतो. ती हसली नाही. मग मलाही हसता आलं नाही.

हिला इथं इन्स्पेक्टर म्हणतात. का, ते विचारायची गरज पडली नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

माझी लेस रोज सकाळी खोलीतला ड्रायव्हर बांधतो. ट्रक चालवतो, मनानं सोनं, तोंडानं कुऱ्हाड. आज लेस बांधता बांधता म्हणाला, "बाळानं दुधू प्यायलं का?" दुसरा पाय मी मागं घेतला. दिवसभर एक लेस बांधलेली आणि एक लोंबकळती, असा हिंडलो. दोनदा धडपडलो, पण इज्जत राखली.

रविवार, १० सप्टेंबर

सकाळपासून बूट आणि मी. शेजारच्यांना वाटलं भांडण चाललंय, आणि ते होतंच. एका हातानं फुलाची गाठ बसता बसत नाही. पायाच्या बोटांनी करून पाहिलं, दारात चिमटून पाहिलं, ड्रायव्हरच्या तंबाखूच्या डबीखाली दाबून पाहिलं. मी म्हणजे पायाला भिंगरी लागलेला माणूस, एका जागी चहाचा कप संपेपर्यंतही बसत नाही. आज मात्र उन्हं कधी कलली ते कळलंच नाही.

शेवटी डोक्यात आलं की गाठ दोन टोकांची म्हणून दोन हात लागतात. टोक एकच ठेवलं तर? लेस सगळी उपसली. एका टोकाला गाठोडं मारलं (दातांनी, खोटं कशाला सांगू). ते टोक सगळ्यात खालच्या भोकात अडकवलं. मग एकटीच लेस या भोकातून त्या भोकात नागमोडी वर नेली. उरलेलं टोक दुमडून शेवटच्या पट्टीखाली खोचलं आणि ओढलं.

बसलं!

ड्रायव्हरला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "छान. आता झोपू दे." गाढवाला गुळाची चव काय.

सोमवार, ११ सप्टेंबर

माझी वेळ अकराची होती. मी नऊलाच गेलो. असंच, वाटेत काही काम नव्हतं म्हणून.

इन्स्पेक्टरला बूट दाखवला. तिनं वाकून, गुडघ्यावर बसून, टोक ओढून तपासणी केली.

"पुन्हा."

पुन्हा केलं.

"हळू कर. तू दाखवतोयस की पळतोयस?"

हातवाल्या बाईंनी हाक मारली तेव्हा चौथ्यांदा चाललं होतं. बाई म्हणाल्या, "थांबते मी." पेशंटसाठी थांबणारी डॉक्टरीण पहिल्यांदाच पाहिली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

जमलं तिला! खोचताना टोक निसटायचं, तर तिनं स्वतःच युक्ती काढली, आधी बोटाला थुंकी लावायची. माझ्या लक्षात हे आलंच नव्हतं. भोंग्यानं सगळ्या शाळेला ओरडून सांगितलं. स्वयंपाकघरातल्या मावशी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. इन्स्पेक्टर मात्र शांत. लेस बांधली, सोडली, बांधली, सोडली. मग बाईंकडं जाऊन म्हणाली, "आता तुम्ही म्हाताऱ्या झालात तरी चालेल."

मला काही मुलंबिलं आवडत नाहीत. पण आजचा दिवस बरा गेला.

मंगळवार, १९ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, खोलीत बोलावलं.  मला वाटलं, परवा माझ्याखाली व्हरांड्यातली खुर्ची मोडली त्याबद्दल असेल.

"तुम्ही इथं उपचाराला येता की शिकवायला?"

"उपचारालाच. खुर्ची आधीपासूनच डुगडुगत होती, बाई."

"लॉन्ड्रीत परत कधी जायचंय?"

"हात बरा झाला की. मुकादमानं जागा राखून ठेवलीय."

"मग तोपर्यंत इथं मदतनीस म्हणून या. नुसते बसता त्यापेक्षा."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. दारापर्यंत गेलो, वळलो आणि हो म्हटलं.

आईला फोन केला.  ती म्हणाली, "तू? शाळेत? अरे, तुला शाळेत नेऊन टाकता टाकता माझी चप्पल झिजली. तू मागच्या भिंतीवरून उडी मारून माझ्याआधी घरी!"

"आई, पगार..."

"पगाराचं राहू दे. भिंत किती उंच आहे तिथली, ते सांग."

सोमवार, २५ सप्टेंबर

कान धरून लिहितो. भोंग्याला चादरीची घडी शिकवायला घेतली. चादरीची घडी म्हणजे माझ्या हातचा मळ, एका हातानंसुद्धा. मी भराभरा बोलत गेलो: धर, झटक, कोपरे जुळव, अरे तो नव्हे, दुसरा, लवकर! आमच्याकडं मुकादम असंच शिकवतो. भोंगा टेबलाखाली जाऊन बसला आणि त्याचा आवाजच गेला. पाय धरले तरी बाहेर येईना.

मीही टेबलाखाली शिरलो. खाली दोघं. शेवटी त्यानं विचारलं, "तुला पण ओरडतं कोणी?"

"रोज."

"मग तू कुठं बसतोस?"

मी खिशातून रुमाल काढला. मग आम्ही टेबलाखालीच रुमालाची घडी केली. एकच कोपरा, मग जेवण, मग दुसरा कोपरा.

गुरुवार, २८ सप्टेंबर

भोंग्याला घडी आली. फारच आली. हातवाल्या बाईंचा पांढरा कोट, व्हरांड्यातले पडदे, मावशींचा ओला फडका, सगळं घडी करून कपाटात. मोठ्या बाई खुर्चीवर टाकलेली शाल शोधत शाळाभर फिरल्या. भोंगा बरोबर शोधत होता, आणि त्यानंच घडी घातलीय हे त्याला माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी मावशींच्या किटलीतून वाफ सुटली, फुस्स करून. मी बाहेर पडलो आणि अंगणाला एक चक्कर मारून आलो. आत गरम होत होतं. मावशी म्हणाल्या, "अरे, गारठा आहे की आज." बायकांना थंडी जास्त वाजते.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

हे वाक्य मी उजव्या हातानं लिहिलंय.

कोणाला सांगू नकोस. (वहीला सांगतोय. ड्रायव्हर म्हणतो मी वाया चाललोय, ते खरं असावं.)

सकाळी पेन खाली पडलं, उचललं, आणि उचलल्यावर कळलं कुठल्या हातानं उचललं ते. बोटं ताठ आहेत, मूठ पूर्ण मिटत नाही, पण ऐकायला लागली आहेत. आनंदानं नाचायला हवं होतं. मी मात्र झोळी परत गळ्यात घातली आणि शाळेत गेलो.

गंमत म्हणजे उजव्याचं अक्षर डाव्यापेक्षा वाईट आहे.

सोमवार, ९ ऑक्टोबर

मुकादमाचा फोन. पहिल्या तारखेपासून सकाळी सातला रोलरवर ये म्हणाला. हात अजून बरा नाही, असं मी सांगितलं. बोलताना फोन उजव्या हातात होता.

हातवाल्या बाई कपडे वाळत घालायचे चिमटे देतात, ते दोरीला लावायचे. आज मी मुद्दाम चिमटे पाडले. एक, दोन, सगळे. बाईंनी शांतपणे उचलले आणि म्हणाल्या, "मघाशी तुम्ही खिशातून किल्ली काढलीत ती कुठल्या हातानं?"

"कुठली किल्ली?"

"बरं." आणि चिमट्यांचा डबा मिटला. चोराच्या मनात चांदणं, मी मात्र घामानं भिजलो.

मी असं का करतोय हे मला नीट सांगता येत नाही. आळस असेल. रोलरवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे पाय दुखतात. आणि शिवाय, दोन हातांच्या माणसाकडून इन्स्पेक्टर काय शिकणार? आम्ही आता डबा उघडणं घेतलंय, मांडीत धरून. माझ्याकडं बघून तिला धीर येतो. तिनंच सांगितलं, "तू आहेस म्हणून. बाकी सगळे दोनहात्ये."

इथं ही शिवी आहे.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण.

ड्रायव्हर माल घेऊन लांब गेलाय, उठवायला कोणी नाही, उशीर झाला. धावतपळत बूट घातले. ते जुने बूट, ज्यांना अजून दोन टोकांची लेस होती. दोन्ही हातांनी फुलाची गाठ मारली, झोळी घातली आणि पळालो. वाटेत एकदाही डोक्यात आलं नाही.

इन्स्पेक्टर दारातच. नजर खाली गेली ती तिथंच राहिली.

"ही गाठ कोणी बांधली?"

"ड्रायव्हरनं."

"ड्रायव्हर परवाच गेला. तूच सांगितलंस."

 शेजारी भोंगा उभा, तोही वाकून बघायला लागला. किती सुंदर फूल झालं होतं म्हणून सांगू, दोन्ही पाकळ्या सारख्या.

"झोळी काढ."

काढली.

"मूठ कर."

केली. बऱ्यापैकी झाली.

तिनं माझी मूठ उलटीसुलटी करून पाहिली, माझ्या बोटांवरचे टाके बघितले. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "छान झालाय हात. अभिनंदन, सर." आजवर मी तिचा 'तू' होतो. नंतर आत निघून गेली. पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होती, का मला तसं वाटलं.

भोंगा एकदाच ओरडला, "दोनहात्या!" पण त्याचंही मन त्यात नव्हतं.

बुधवार, १८ ऑक्टोबर

आज इन्स्पेक्टर लेस सुटी सोडून फिरत होती. बुटातली माझी नागमोडी लेस उपसून टाकली होती आणि जुनी दोन टोकांची ओवली होती. बाईंसमोर पाय पुढं केला. बाईंनी वाकून बांधली. हे सगळं माझ्यासमोर.

रोलरमध्ये हात गेला तेव्हा मी ओरडलो होतो. आज ओरडायलाही जागा नव्हती.

मोठ्या बाईंनी बोलावलं. आधी मी बोललो, म्हटलं उद्यापासून येत नाही. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. पण आधी सांगा, लपवलंत का?"

"दोन हातांचा माणूस त्यांना काय शिकवणार, बाई?"

"मी दोन पायांनी चालते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलांना इतकी वर्षं शिकवतेय. काय करू, पाय मोडून घेऊ?"

"नको."

"आभारी आहे." त्यांनी चष्मा काढला. "ती तुमच्या हातावर रागावलेली नाही. तुम्ही तिला असं सांगितलंत, की तिच्यासमोर बरं होणं ही लाजेची गोष्ट आहे. लपवायची गोष्ट. म्हणजे मग ती कोण झाली?"

मला यातलं अर्धंच कळलं. पण जे अर्धं कळलं तेवढ्यानंच जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

माफी मागायला गेलो. झोळी घरी ठेवली होती. दोन्ही हात लोंबकळत होते, कुठं ठेवायचे तेच कळेना.

"चुकलं माझं," म्हटलं.

"बरं."

"काय करू म्हणजे..."

"माफी नको. हे करून दाखवा." तिनं डावा हात पुढं केला. नवा पांढरा शर्ट, लांब बाह्यांचा, आणि मनगटाला बटण. "डाव्या बाहीचं बटण. डाव्या हातानं."

 एकच हात चालतो तो त्याच बाहीत, स्वतःच्या मनगटावरचं बटण लावणार कसा? म्हणजे स्वतःच्या खांद्यावर चढण्यासारखं झालं.

"दातांनी..."

"दातांनी नाही. बाही ओली होते. मी लहान नाही."

इथं घोडं अडलं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

उजवा हात पट्ट्यानं कमरेला बांधून घरी प्रयत्न चालू. टेबलाची कड, दाराची कडी, खुंटी, खिळा. खिळ्यानं शर्ट फाटला. ड्रायव्हर परत आलाय. दारात उभं राहून म्हणाला, "हात बरा झाला म्हणून ऐकलं होतं."

"झालाय."

"मग बांधून का ठेवलायस?"

"बटण लावायचंय."

 तो आत गेला आणि त्यानं स्वतःचा एक शर्ट आणून दिला, फाडायला.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

इन्स्पेक्टरसमोर बसलो आणि सांगितलं, "मला येत नाही."

ती बाहीचं बटण बोटानं फिरवत होती.

"सगळं करून पाहिलं. दोन शर्ट गेले. येत नाही मला."

"बाई असं कधी म्हणत नाहीत," ती म्हणाली. "बाई म्हणतात, आपण नंतर बघू."

"मी नंतर बघू म्हणत नाही. मला येत नाही, एवढंच."

तिनं खुर्ची माझ्याकडं सरकवली, ती लहानच. "मग बस. दोघं बघू. पण तो हात मधेमधे येतो. त्याच्यावर बस."

मी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो. सगळ्यांदेखत. भोंगाही स्वतःच्या दोन्ही हातांवर येऊन बसला आणि पुढच्या क्षणी नाकावर आपटला.

सोमवार, ३० ऑक्टोबर

लॉन्ड्रीत जाऊन आलो, परवापासून यायचंय म्हणून. सगळे प्रेमानं भेटले. चहा दिला. रोलर सुरू होता, चादरी गिळत होता. माझा हात आपोआप पाठीमागं गेला. मुकादमानं पाहिलं. मी म्हटलं, "गार वारा आहे." तिथं वारा कुठून येणार, ते मलाही ठाऊक नाही.

"बुधवारी, सातला," मुकादम म्हणाला. "तुझ्यासाठी दोघांना परत पाठवलंय, लक्षात ठेव."

जायला तर हवंच. माणसानं शब्द दिला, जागा राखली.

शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी नको म्हटलं नाही. म्हणाल्या, "पुढंमागं मनात आलं तर, म्हणून सांगून ठेवते. इथं शिकवायचं असेल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. त्याआधी दहावी लागते. बाहेरून बसता येतं."

दहावी! बाई, मी सातवीच्या भिंतीवरून उतरलोय, अजून खाली पोचलेलो नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

आज अंघोळीनंतर मुलं कपडे घालत होती. भोंगा शर्टाची बटणं कधी उघडत नाही. लावलेला शर्ट तसाच डोक्यातून घालतो, लावलेल्या बाहीतून पंजा घुसवतो. मग बटण टप्पदिशी तुटून लांब उडतं आणि मावशी ओरडतात. आजही उडालं, ते माझ्या कपाळावर लागलं.

मी तिथंच उभा राहिलो. बटण उघडायचंच कशाला? लावलेलंच ठेवायचं, फक्त ते शिवलेला दोरा ताणणारा हवा. पंजा आत जाताना ताणेल, मनगटावर परत आवळेल.

घरी येऊन ड्रायव्हरच्या पायजम्यातलं इलॅस्टिक उपसलं. त्यातून बारीक धागे निघतात. तो घोरत होता. उठल्यावर उभा राहील तेव्हा कळेल.

बुधवार, १ नोव्हेंबर

ठरवलं असं होतं की इलॅस्टिक नुसतं देऊन यायचं आणि सातला लॉन्ड्रीत हजर व्हायचं. शाळा पहाटेपासून जागी असते, मुलं तिथंच राहतात.

इन्स्पेक्टर शर्ट घेऊन तयारच होती. मी म्हटलं, शिवून ठेवायला बाईंना सांग, मी निघतो.

"कोणी शिवायचं?"

"बाई. किंवा मावशी."

"मग पुढचं बटणपण मावशीच शिवणार का?"

बसलो. उजवा हात मांडीखाली. सुई माझ्या डाव्या हातात, धागा तिच्या डाव्यात. दोन माणसं, दोन डावे हात आणि एक सुईचं भोक. धागा भोकापाशी यायचा आणि वाकडा व्हायचा. ती म्हणायची, तू हलतोस. मी म्हणायचो, तू हलतेस. एकदा आम्ही दोघांनी एकदम श्वास रोखला आणि धागा आत गेला. भोंगा इतका ओरडला की तो परत बाहेर आला.

पहिल्यांदा बटण फार सैल बसलं, पंजा गेला पण बाही लोंबायला लागली. उसवलं. दुसऱ्यांदा इतकं घट्ट, की पंजा अर्ध्यातच अडकला आणि काढायला मावशी आल्या. परत उसवलं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. खिसा उजवा, आणि त्या बाजूचा हात माझ्याच खाली. भोंग्यानं खिशात हात घालून फोन काढला, कानाला लावला आणि म्हणाला, "दोनहात्या कामात आहे!" नंतर तो माझ्या कानाशी धरला.

मुकादम होता. "काय रे? सव्वासात झाले. रोलर तापून उभा आहे."

मागं वाफ ऐकू येत होती. इन्स्पेक्टर सुई धरून माझ्याकडं बघत होती. खोटं बोलायला हरकत नव्हती, ताप आलाय म्हटलं असतं. पण समोर ती.

"मुकादम, हात बरा झालाय. अगदी छान. पण रोलरपाशी नेला की तो मागं पळतो. भितो तो. मीपण भितो."

 मुकादम म्हणाला, "हे आधी सांगायचंस, गाढवा. मला काय वाटलं, तू दुसरीकडं जास्त पगारावर गेलास."

"इथं कमीच आहे."

"मग काय करतोयस तिथं?"

"बटण शिवतोय."

"बटण?"

"एकच. पण जमत नाहीये. त्यानंतर दहावीला बसतोय. माझी जागा दुसऱ्याला द्या."

हे दहावीचं माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. भोंगा फोनमध्ये ओरडला, "हा दहावी!" आणि मुकादमाच्या कानाचं काय झालं असेल ते असो, फोन बंद झाला.

मी हसायला लागलो. मग सातवीत पेपर समोर आला की बघायचो तसं एकदा खिडकीबाहेरच्या भिंतीकडं बघून घेतलं.

इन्स्पेक्टरनं मनगट पुढं केलं. "झालं बोलून? मग या खेपेला मधोमध धर. आणि श्वास घेऊ नकोस."